गुरुवारचे पप्पा

“चूक माणसाची नसती, मॅडम. फिक्श्चरची असती.”

असं म्हणताना ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायचे, कडा सरळ आहे का ते तपासत असल्यासारखे. आमच्या शाळेतल्या एकाही टेबलाची कडा सरळ नाही, हे मला पहिल्या भेटीतच त्यांच्याकडून कळलं होतं.

फिक्श्चर म्हणजे काय, हे भोसरी-चाकणकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तुम्ही लांबचे असाल तर सांगते. कारखान्यात एखादा भाग मशीनवर धरून ठेवायला एक पकड असते. ती अशी बनवायची, की भाग उलटा बसवू म्हटलं तरी बसू नये. मग काम करणारा दमलेला असो की नवखा, चुकायला त्याला जागाच राहत नाही. ईश्वरीचे पप्पा चाकणच्या एका कंपनीत अशी फिक्श्चरं बनवायचे. त्यांचं नाव मला अर्थातच माहीत आहे, पण आमच्याकडे पालकांना स्वतःची नावं नसतात. माझ्या फोनमध्येही ते अजून ‘ईश्वरी पप्पा’ असेच आहेत.

आमची शाळा भोसरीत, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची. ही मुलं बुद्धीला कमी नसतात. अक्षरं, आकडे, डावं-उजवं यांच्याशी त्यांचं जमत नाही, एवढंच. एरवी ती मला विकून खातील. आमची पालकसभा गुरुवारी असते, कारण गुरुवारी इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी. सभा गुरुवारी घेतली तरी येतात मात्र आयाच. बापांना त्या दिवशी नेमकी मोटरसायकल धुवायची असते. न चुकता दर गुरुवारी येणारा बाप मी इतक्या वर्षांच्या नोकरीत एकच पाहिला.

ईश्वरी दुसरीत असताना ते पहिल्यांदा आले. गावाजवळच्या शाळेने हात टेकले होते. मी तपासणीचा अहवाल समोर ठेवून त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “रिवर्क होतं का?”

“म्हणजे?”

“म्हणजे सुधारतं का? का स्क्रॅप?”

माझा पारा चढला. पोटच्या पोरीबद्दल असं बोलतात का, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तोवर त्यांनी मान खिडकीकडे वळवली होती आणि ते पँटच्या दोन्ही खिशांत रुमाल शोधत होते. त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

“सुधारतं,” मी म्हटलं. “वेळ लागेल.”

“येळ लागू द्या.” ते नाक पुसत म्हणाले. “मार्क न्हाई पडलं तरी चालंल, मॅडम. मला एकच पाहिजे. हिला एकटीला कुठं जायचं झालं तर जाता आलं पाहिजे. रस्त्यानं, गाडीनं, आपली आपण. मी काय तिला जन्माला पुरणार न्हाई.”

पालक काय काय मागतात ते मी ऐकलेलं आहे. डॉक्टर करा म्हणतात, निदान बहिणीएवढे मार्क पाडा म्हणतात. एवढंसंच मागणारे हे पहिले. ते एवढंसं नव्हतं, हे आम्हां दोघांनाही पुढे कळायचं होतं.

महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातले ते. जमीन कारखान्यांत गेली आणि घरातल्या तरण्या माणसाला कारखान्यात नोकरी लागली. पहिली शिफ्ट असली की ईश्वरीची आई तिला घेऊन यायची, दुसरी असली की हे. गुरुवार मात्र त्यांचाच. पहिल्या महिन्यात ते बाहेरच्या बाकावर नुसते बसून होते. दुसऱ्या महिन्यात त्यांचे हात शिवशिवायला लागले.

आमच्या मुलांचे बूट हा एक रोजचा तमाशा होता. डावा उजव्यात, उजवा डाव्यात, आणि कधी कधी दुसऱ्याचाच. एका शुक्रवारी मी शाळेत आले तर वर्गाबाहेरच्या रॅकवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, प्रत्येक कप्प्यात पावलांच्या जोडीचा आकार रंगवलेला आणि समोर मुलाचा फोटो. आमच्या मोठ्या बाईंनी परवानगीवाचून रंग लावला म्हणून नाक मुरडलं. पंधरा दिवसांत एकही बूट उलटा जाईना. महिन्याभराने बाईंनी स्वतःच्या कपाटाची कुलपं त्यांना दाखवली आणि “एवढंही तेवढं बघता का?” असं हळूच विचारलं.

मग पेन्सिलींच्या पकडींचा नंबर लागला. बाजारात मिळतात त्या सगळ्या बोटांना सारख्याच. ते त्यांना पटेना. एका गुरुवारी ते व्हर्नियर घेऊन आले. कारखान्यात केसाएवढा फरक मोजायचं ते स्टीलचं माप. त्याने त्यांनी पोरांची बोटं मोजायला सुरुवात केली. वहीत नावापुढे अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, अशी नोंद. पोरं रांगेत उभी, हात पुढे करून, श्वास रोखून. पुढच्या आठवड्यात ज्याची त्याची पकड तयार. त्यानंतर कितीतरी गुरुवार कुणी ना कुणी येऊन विचारायचं, “काका, माझं बोट वाढलं का?” आणि ते गंभीरपणे मोजून सांगायचे, “थोडं वाढलंय. दूध पितो व्हय?”

त्यांनी वाचायची खिडकीही बनवली. एका वेळी एकच ओळ दिसेल अशी फट पाडलेली काळी पट्टी. ईश्वरी त्या पट्टीने सहावीचं पुस्तक वाचायला लागली तेव्हा मी त्यांना मुद्दाम वर्गात बोलावलं. एक परिच्छेद तिने बोट ठेवून, अडखळत, पण शेवटापर्यंत वाचला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, फटीची रुंदी बघितली आणि म्हणाले, “अर्धा मिलिमीटर कमी करतो.”

हा माणूस शाळेत असा होता. घरी तो वेगळाच आहे, हे मला एका फोनने कळलं. कसल्याशा सुट्टीचा निरोप द्यायला मी घरी फोन केला, तो तिथे आलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने उचलला. मी शाळेचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कपड्यांत ते शाळेत हजर.

“मॅडम, घरच्या फोनवर शाळेचं नाव नका सांगत जाऊ. फक्त भोसरीहून बोलते म्हणा.”

“का?”

“आण्णाला सांगितलंय, तिकडं वर्गात पोरं कमी असत्यात म्हणून घातलीय. बाकीचं काय सांगितलेलं न्हाई.”

एकाच गल्लीत राहणारा सख्खा भाऊ, आणि त्याला चार वर्षं पत्ता नाही. मला राग आला, आणि मी तो दाखवलाही. इथे सगळ्यांना शहाणपण सांगता आणि घरी लपवता, असं मी बोलून गेले. त्यांनी ऐकून घेतलं.

“गावात पोरीला एकदा नाव पडलं की निघत न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “माझ्यासाठी न्हाई लपवत.”

माझं समाधान झालं नाही. ते तसंच राहिलं.

आमच्याकडे आठवीच्या मुलांची एक परीक्षा असते. तिला पेपर नाही. शाळेतून निघायचं, बस आपली आपण शोधायची, पाटी वाचायची, आपल्या थांब्यावर उतरायचं आणि घरी पोहोचायचं. पालकांनी मागे यायचं नाही, फोन करायचा नाही. शाळेतल्या मावशी तेवढ्या पदरात तोंड लपवून त्याच बसमध्ये बसतात. दर वर्षी या परीक्षेला पालकांचाच विरोध होतो. त्या वर्षी वाकडचे एक वडील म्हणाले, “मी कॅब लावून देतो ना. मोबाइलवर दिसतं कुठे पोचला ते.”

ईश्वरीचे पप्पा मागच्या रांगेतून उठले. “साहेब, तुमी किती वर्षं बघणार त्या मोबाइलमधी?” ते म्हणाले. “पोरगं चाळीस वर्षांचं झालं तरी बघणार का?” सभेत हशा पिकला आणि त्या वर्षी सगळ्या पालकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. पहिली सही यांचीच होती.

ईश्वरीची परीक्षा गुरुवारीच ठेवली. भोसरीहून चाकणची बस, चाकणच्या चौकातून महाळुंग्याची शेअर रिक्षा. ती वेळेत, बिनचूक घरी पोहोचली. मी खूश होते. मावशी मात्र परत आल्या त्या पदर खोचून.

“मॅडम, असा प्रवास मला डोळं बांधून जमंल,” त्या म्हणाल्या.

बसथांब्यावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत उभे होते. चाकणची बस लागल्याबरोबर ते आभाळाकडे बघत मोठ्याने म्हणाले, “चाकणची लागली बरं का!” मोशीच्या थांब्यावर एकाने खिडकीत बघून हात केला. कुरुळीला आणखी एकाने. चाकण यायच्या आधी पुढच्या सीटवरचा माणूस आळस देत उठला आणि स्वतःशीच बोलला, “आलं वाटतं चाकण.” रिक्षावाल्याने तर ईश्वरीने तोंड उघडायच्या आत “बस, महाळुंगं ना?” म्हणून जागा करून दिली. सुट्टीच्या दिवशी निम्मी टूलरूम, म्हणजे फिक्श्चरं बनवणारं यांचं अख्खं खातं, रस्त्यावर उभी होती.

मला हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवशी ईश्वरी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, ती हसत नव्हती.

“मॅडम, मला पास केलं का?”

“तुला काय वाटतं?”

“पुढच्या सीटवर पप्पांच्या कंपनीतले सचिनकाका होते. ते कधीच बसने जात नाहीत. त्यांच्याकडे बुलेट आहे.” ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, “मी पाटी वाचलीच नाही. वाचायची गरजच पडली नाही. पप्पांना वाटतं मला जमणार नाही.”

पुढच्या गुरुवारी मी त्यांना बसवून घेतलं. ते आधी अडून राहिले. चूक होऊ नये म्हणून व्यवस्था केली, त्यात वाईट काय, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, “तुमच्याकडे तयार भाग तपासतात, तो फिक्श्चरमध्ये ठेवून तपासतात की काढून?”

“काढून,” ते नाइलाजाने म्हणाले.

“मग?”

“भाग रस्त्यात हरवत न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की मला पुढे वाकावं लागलं. मला त्यांची दया आली. तरी मी परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरवलं, आणि या वेळी त्यांनी माझ्यासोबत महाळुंग्याच्या थांब्यावर बसून राहायचं, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मला त्यांच्यावर नजर ठेवायची होती, हे त्यांना कळत होतं.

तो गुरुवार मी विसरणार नाही. थांब्यामागे चहाची टपरी, समोरून नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर जात होते. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दीड वाजता ईश्वरी पोहोचायला हवी होती. एक वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. मावशी चाकणच्या बसमधून बोलत होत्या. “मॅडम, पोरगी गाडीत न्हाई. मला वाटलं मागच्या दारानं चढली. मी मोशी सोडून पुढं आले.”

मी फोन ठेवून त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, अंगठा ईश्वरीच्या नंबरावर नेला आणि तिथेच थांबवला. मग तो मोबाइल त्यांनी माझ्या हातात दिला.

“तुमच्यापाशी ठेवा. माझ्यापाशी राहिला तर मी लावीन.”

“लावा,” मी म्हटलं. खरं सांगते, मीच घाबरले होते. नियम माझा होता आणि तो मला आता नको झाला होता. “लावा, मी काही म्हणणार नाही.”

“तिच्यापाशी फोन हाय. तिला आपल्या दोघांचे नंबर पाठ हाईत. पाहिजे असलं तर ती लावंल.” त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. “तीनपर्यंत थांबू. तीनला लावू.”

दोन वाजले. सव्वादोन झाले. प्रत्येक रिक्षा थांबली की मी उठायचे. ते उठत नव्हते. चहावाल्याने पुढे ठेवलेला चहा तसाच गार झाला. मी काहीबाही बोलत राहिले, शाळेबद्दल, उन्हाबद्दल, आणि ते “व्हय, व्हय” म्हणत राहिले. एकदाच त्यांनी आपणहून विचारलं, “तुमाला पोरं हाईत का, मॅडम?” मला नाही. सहा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि चहावाल्याला माझ्यासाठी दुसरा गरम चहा सांगितला.

तीनला दहा कमी असताना एक रिक्षा थांबली आणि ईश्वरी उतरली. वेणी सुटलेली, कपाळ घामेजलेलं. तिने आधी रिक्षावाल्याला पैसे दिले. मग आमच्याकडे आली. मी तिला जवळ ओढणार होते, पण ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पप्पा, मी चुकले. आळंदीला गेले.”

ते रागावले नाहीत, रडलेही नाहीत. कंपनीत चुकीचा भाग सापडला की जे विचारतात, ते त्यांनी विचारलं. “कुठं कळलं?”

“गंध लावलेली मुलं पखवाज घेऊन बसमध्ये चढली, तेव्हा. चाकणला कोण पखवाज नेतं?” तिला धाप लागली होती. “आपली गाडी रोज जिथे उभी असते ना, तिथेच ती उभी होती. म्हणून मी पाटी न बघताच चढले.”

“मग?”

“मग आळंदीला उतरले. एक मावशी तुळशीमाळा विकत होत्या. त्यांना म्हटलं, मला वाचायला वेळ लागतो, चाकणची गाडी कुठली ते सांगाल का? त्या म्हणाल्या, आगं मला तर वाचताच येत न्हाई, चल, दोघी मिळून विचारू. मग आम्ही दोघींनी विचारलं.”

मी हसले, आणि हसता हसता त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं पुढचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं. “काय म्हणालीस त्यांना?” त्यांनी विचारलं.

“मला वाचायला वेळ लागतो म्हणून सांगितलं.” ईश्वरीने त्यात काय, अशा चेहऱ्याने उत्तर दिलं. “लागतोच ना.”

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एक मोटरसायकल वळून आमच्यापाशी थांबली. पांढरी टोपी, भरघोस मिशा. त्यांचे थोरले भाऊ असणार, हे मी ओळखलं.

“काय रं, मघाधरनं हितं का बसलाय?” भावाने विचारलं. “आन् ही आत्ता येती व्हय? शाळा तर कवाच सुटली आसंल.”

भोसरीहून आलेली कुणीतरी बाई एवढीच माझी ओळख असायला हवी, हे मला आठवत होतं. ते बाकावरून उठले, शर्ट खाली ओढला.

“आळंदीच्या गाडीत बसली, आण्णा. तिला वाचायला येळ लागतो. पहिल्यापासून लागतो. भोसरीची शाळा त्याच पोरांची हाय. ह्या तिच्या मॅडम.” एवढं एका दमात बोलून ते थांबले. “पण आली. एकटी आली परत.”

आण्णांनी ईश्वरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मोटरसायकलचा स्टँड लावला.

“आली ना परत?”

“आली की.”

“मग झालं की,” आण्णा म्हणाले. “पोरीला काय खायला घातलं का, का आसंच हुबं केलंय?”

सहा वर्षं. आणि उत्तर एवढंच निघालं. मला त्या भल्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. ईश्वरीचे पप्पा माझ्याकडे न बघता टपरीवाल्याकडे वळले आणि भजी सांगू लागले. किती प्लेट ते त्यांना सांगता येईना, तेव्हा आण्णांनीच सांगितलं.

पुढच्या सोमवारपासून ईश्वरी एकटी यायला लागली. सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. गुरुवारी मी नेहमीसारखी त्यांच्यासाठी कामं काढून ठेवली होती. एका मुलाची खुर्ची डगमगत होती, नवीन आलेल्या दोघांच्या पेन्सिली घसरत होत्या. मधल्या सुट्टीपर्यंत मी चारदा फाटकाकडे बघितलं. ते आले नाहीत. पालकांनी मुलांना सोडायला शिकलं पाहिजे, हे मी त्यांच्या डोक्यावर बसून सांगितलं होतं, आणि आता मलाच करमेना.

शाळा सुटल्यावर वर्ग आवरून, वह्या तपासून, दुपारी तीनच्या सुमारास मी न राहवून फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा आवाज घोगरा होता.

“काय हो, बरं नाही का?” मी विचारलं. “आज आला नाहीत.”

“न्हाई, न्हाई, बरा हाय, मॅडम.” पलीकडे खाट करकरली. “काल सेकंड शिफ्ट करून आलो. सकाळी म्हनलं जरा पडू. जे पडलो ते आत्ता तुमच्या फोननं उठतोय.”

“आणि ईश्वरी?”

फोन बाजूला ठेवून त्यांनी आत हाक मारली. काहीतरी बोलणं झालं, भांडं वाजलं. मग ते पुन्हा फोनवर आले. आवाजात झोप होती आणि थोडं नवलही होतं.

“ती दीडलाच आली म्हणती. जेवून बसलीय,” ते म्हणाले. “मला पत्ताच न्हाई.”